पक्षाचे तिकीट की अपक्षाची टोपी?

आयर्लंडच्या ग्रामीण भागातून संसदेत टिकण्याचे दोन मार्ग एंडा केनी आणि जॅकी हीली-रे यांच्या कारकिर्दीत दिसतात. मेयोचे केनी वडिलांच्या निधनानंतर 1975 च्या पोटनिवडणुकीत फिन गेल पक्षातर्फे निवडून आले. पंतप्रधानपदासाठी मात्र 2011 साल उजाडावे लागले. याउलट, किलगार्व्हन गावात पब चालवणारे आणि सपाट टोपीवरून ओळखले जाणारे हीली-रे यांना 1997 मध्ये फियाना फॉल पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा ते दक्षिण केरीतून अपक्ष म्हणून जिंकले आणि बर्टी अहर्न यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा देताना त्यांनी मतदारसंघातील कामे पदरात पाडून घेतली. बंडखोराचे हे गणित आपल्याला नवे नाही. माझ्या मते गावाला अपक्षच अधिक फळतो, पण सरकार काठावर असेल तरच. केनी पंतप्रधान झाले त्याच निवडणुकीत हीली-रे यांचे पुत्र मायकेल अपक्ष म्हणूनच निवडून आले.