रत्नागिरीहून एक दिवस: ग्रुपबरोबर जावं की आपली गाडी काढावी?

दिवाळीचा फराळ संपत येतो न येतो तोच माझा फोन वाजायला लागतो. डोंबिवलीची मावसबहीण, कोथरूडचे चुलतदीर, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी. रत्नागिरीत राहतो म्हटल्यावर हे आलंच. तीन दिवसांसाठी येणारी मंडळी एक दिवस गणपतीपुळ्याला देतात, एक दिवस भगवती किल्ला आणि थिबा पॅलेसला, आणि तिसऱ्या दिवशी काय करायचं ते मला विचारतात. दक्षिणेला जा, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करत राजापूरपर्यंत, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावरचा प्रश्नही ठरलेला: "ते आठ-दहा जणांना घेऊन जातात ना, गाइडबरोबर, दिवसभर? त्यात बसू की आपलीच गाडी काढू?"

मी दोन्ही केलंय. ग्रुपबरोबर दोनदा, आपल्या गाडीनं कितीदा ते मोजलेलं नाही, आणि एकदा हट्टानं एसटीनं. एसटीचं लगेच उरकते. पावसला लाल गाडीनं आरामात जाता येतं, आडिवऱ्यालाही. पण पुढची गाडी कधी, या चिंतेत देवळातलं अर्धं लक्ष रस्त्यावर राहतं, आणि कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, तर रस्ता सोडून आत आहेत. हाताशी आठवडा असेल तर एसटीसारखं सुख नाही. एकच दिवस असेल तर विसरा.

उरले दोन पर्याय. लोक पैशापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी एवढंच ठरवा की तुम्हाला किनारा बघायचाय की सडा.

कोकणात वाढलेल्यांना सडा सांगायला नको. बाकीच्यांसाठी: गाव खाली माडा-पोफळीत असतं आणि वर चढून गेलं की जांभ्याचं उघडं पठार लागतं, मैलच्या मैल काळपट तांबडा कातळ, मध्ये एखादा गडगा, एखादं करवंदीचं झुडूप. त्या कातळावर कुणीतरी, कधीतरी, प्रचंड आकृत्या खोदून ठेवल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून त्यातल्या शेकडो शोधल्या. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांतली नऊ ठिकाणं गेली, आठ आपली आणि एक गोव्यातलं. आपल्या या रस्त्यावर त्यांपैकी कशेळी, देवाचे गोठणे आणि बारसू सहज बसतात.

आता माझी फजिती सांगते. पहिल्यांदा कशेळीच्या सड्यावर गेलो ते आपल्या गाडीनं, मोबाइलच्या भरवशावर. सड्यावर रेंज गेली, निळा ठिपका गोठला. आम्ही चौघं उन्हात अर्धा तास फिरलो, कातळ कातळासारखाच दिसत होता. शेवटी गुरांमागे निघालेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय शोधताव?" हत्ती म्हटल्यावर ते हसले आणि आमच्या मागं बोट दाखवलं. आम्ही त्याच्यापासून जेमतेम वीस पावलांवर उभे होतो. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती, आणि तो आम्हाला दिसला नव्हता! त्याच्या अंगाच्या आत आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरलेले आहेत. ते तर आजोबांनी काठीनं एकेक दाखवल्यावर उमगले.

सड्यावर पैसे मोजायचे ते या काठीचे. नुसतं पोचणं तिथं पुरत नाही. ही चित्रं जमिनीवर आडवी आहेत, माणसाच्या उंचीवरून त्यांचा आकार सहज पकडता येत नाही. सोंड कुठून सुरू झाली, हा खड्डा निसर्गाचा की छिन्नीचा, हे दाखवणारा लागतो. बारसूला मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ अशी आकृती आहे. ती एकदा नजरेत बसली की हलत नाही, पण बसेपर्यंत नुसत्या रेघा. देवाचे गोठण्याला आमच्या गाइडनं खिशातून साधं होकायंत्र काढलं आणि कातळावरच्या आकृतीवर ठेवलं. सुईनं दिशा बदलली. दोन हात बाजूला सरकवलं की पुन्हा ताळ्यावर. आपण गेलो असतो तर फोटो काढून आलो असतो.

मात्र गाइड म्हणजे गाइडच हवा. या चित्रांचं वय अजून पक्कं ठरलेलं नाही. मध्याश्मयुगापर्यंत मागं नेणारे अभ्यासक आहेत आणि त्यांची कारणं ऐकण्यासारखी आहेत: हत्ती आणि गेंडा आहेत, त्यातला गेंडा तर आज कोकणात आढळत नाही, शिकारीचे प्राणी आणि मासे आहेत, शेती मात्र कुठं दिसत नाही. हे कारणांसकट सांगणारा माणूस चांगला. "बरोब्बर बारा हजार वर्षं" असं छातीठोक सांगून पुढं चालू लागणारा पाठांतरवाला. माझी आणखी एक परीक्षा आहे, विजयदुर्गाची. हीलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, १८६८ साली लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं किल्ल्यावरच्या ओट्यावरून ग्रहण बघितलं, असं किनाऱ्यावर सगळीकडं सांगतात. १८६८च्या त्या ग्रहणात लॉकियर इंग्लंडात होता, आणि जान्सेन हा फ्रेंच संशोधक आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. बुकिंग करताना सहज विषय काढून बघा. खरा जाणकार सावध होतो.

किनाऱ्याचं गणित एकदम उलटं. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात कुणी समजावून सांगायला लागत नाही. शांत बसायचं आणि दुपार असेल तर खिचडीचा प्रसाद घेऊन निघायचं. गणेशगुळ्याच्या वाळूवर, गावखडीच्या सुरूच्या बनात गाइड काय सांगणार? तिथं हवं असतं ते न उठण्याचं स्वातंत्र्य. ग्रुपमध्ये तेच मिळत नाही. "चला, वीस मिनिटं झाली" अशी हाक आली की वाळू झटकत उठायचं. पूर्णगड मधला. मुचकुंदीच्या मुखावरचा लहानसा किल्ला, अर्ध्या तासात तट फिरून होतो आणि समुद्राकडच्या दरवाजातून खाली पाणी दिसतं. इतिहासाची आवड असेल तर कुणी सांगणारा बरा, नसेल तर वारा पुरे.

देवळांत मला माणूस बरोबर असलेला आवडतो, पण गरज आहे असं म्हणणार नाही. कशेळीचा कनकादित्य हा आपल्याकडच्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. सौराष्ट्राहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथं अडलं, व्यापाऱ्यानं मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, आणि कनका नावाच्या भाविक बाईला ती स्वप्नात दिसली, अशी कथा. शिलाहार राजा भोज याचा ताम्रपटही या देवळाशी जोडलेला आहे. कथा तुम्हाला देवळातच कुणीतरी सांगेल. आडिवऱ्याच्या महाकालीलाही तसंच. राजापुरात मात्र नेमकं उलटं होतं: तिथं इंग्रजांच्या जुन्या वखारीच्या जागी उभं राहून तुम्हाला काहीच दिसत नाही. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठून वखार खणून काढली, टोपीकरांना कैदेत टाकलं. एवढी मोठी गोष्ट, आणि समोर बाजारपेठ. सांगणारा असेल तरच थांबा, नाहीतर धूतपापेश्वराला जा. (राजापूरच्या गंगेचं, म्हणजे तिथल्या अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्याचं, कुणी विचारलं तर: ती तिच्या मनानं येते, साधारण तीन वर्षांनी म्हणतात, पण तिला कॅलेंडर कुणी दिलेलं नाही.)

वेळेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझी पहिली ग्रुप ट्रिप तिथंच फसली. नाव घेत नाही. साडेनऊला निघाली, "सगळ्यांचा नाश्ता होऊ दे" म्हणून. मग पावस, मग पूर्णगड, मग काजूच्या दुकानात पाऊण तास, ज्याचा ठरवताना उल्लेखही नव्हता. कशेळीच्या सड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. कातळशिल्पं डोक्यावरच्या उन्हात पुसट होतात. खोदलेल्या रेघेत सावली पडायला तिरपा उजेड लागतो, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर. दुसऱ्या ग्रुपनं हे बरोबर केलं: सातला निघालो, थेट कशेळी, तिथून देऊळ, आडिवऱ्याला जेवण, उतरत्या उन्हात देवाचे गोठणे आणि बारसू, अंधार पडता पडता राजापूर, आणि हायवेनं परत. पावस आणि पूर्णगड गाळले. काहींनी कुरकुर केली, पण जे बघितलं ते दिसलं तरी.

म्हणून फोनवर विचारायचं ते "किती ठिकाणं दाखवता" असं नव्हे. कितीला निघता, सड्यावर किती वाजता असाल, गाइड वेगळा आहे की ड्रायव्हरच, दुकानं आहेत का, आणि माणसं किती. आठ-दहापर्यंत ठीक. सतरा सीटची ट्रॅव्हलर भरून आणली तर ती लहान ग्रुपची ट्रिप नव्हे. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की दहा मिनिटं रिव्हर्स चालतो, आणि चित्राभोवती सतरा जण उभे राहिले की चित्रावरच कुणाचा तरी पाय पडतो. ते मला अजिबात खपत नाही.

जेवणाच्या बाबतीत ग्रुप सरळ जिंकतो. या पट्ट्यात चांगलं जेवण घरांत मिळतं आणि ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. चांगले ग्रुपवाले सांगून ठेवतात: भाकरी, कुळथाचं पिठलं किंवा मासे, सोलकढी. आपल्या गाडीनं दोन वाजता दार ठोठावलंत तर काकू पाणी देतील, गूळ देतील, आणि मनापासून वाईट वाटून घेतील. दुसरी गोष्ट बायका मला हळूच विचारतात, ती बाथरूमची. सड्यावर ना झाड ना आडोसा. ग्रुपवाल्यांची ओळखीची घरं ठरलेली असतात. हा मुद्दा माझ्या लेखी भाड्यापेक्षा मोठा आहे.

आता पैसे. फेरी दीडशे किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे साध्या पेट्रोल गाडीला दहा-अकरा लिटर. गाडीत चौघं-पाच जण असाल तर ग्रुपची माणशी रक्कम कधीच परवडणार नाही, ते मान्य करूनच पुढं बोला. एकटे किंवा दोघंच असाल आणि ट्रेननं आला असाल तर उलट: टॅक्सी दिवसभरासाठी ठरवण्यापेक्षा ग्रुपमधली एक सीट स्वस्त पडते, आणि एकट्या मुलीला मी बेलाशक ग्रुपच सांगते. रत्नागिरीतला टॅक्सीवाला रस्ते जाणतो, कातळ जाणतोच असं नाही.

गुडघे दुखणारी आई बरोबर असेल, किंवा चार वर्षांचं पोर, तर आपली गाडी. जांभा खडबडीत असतो, पाय मुरगळतो, आणि नऊ अनोळखी माणसं ताटकळत असताना सासूबाईंना हळू चालता येत नाही. त्या घाई करतात. पावसाळ्यातही मी ग्रुपचे पैसे घालणार नाही. सड्यावर गवत आणि पाणी, चित्रं निम्मी झाकलेली. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा रानफुलांनी भरतो ते बघायला या, पण तो वेगळा दिवस.

मावसबहिणीला मी शेवटी तिसराच रस्ता सांगितला, आणि आता बहुतेकांना तोच सांगते. गाडी आपली, पण सड्याच्या गावात आदल्या दिवशी फोन करून तिथलाच एखादा माणूस ठरवायचा, दोन तासांसाठी. त्याला त्याच्या वेळेचे पैसे नीट द्यायचे. "गावातलाच आहे, दाखवेल फुकट" हा मुंबईचा हिशोब नको. उरलेला दिवस गणेशगुळ्याच्या वाळूत कितीही लोळा. हे जमवायला एक ओळखीचा नंबर लागतो, एवढीच अडचण. तो नसेल तर, आणि सडाच बघायचा असेल तर, सातला निघणारा ग्रुप. सडा नकोच असेल तर ग्रुपचा विचारही करू नका.

आणि ज्यांना राजापूरपर्यंत जायचा कंटाळा आहे त्यांना उक्षी. रत्नागिरीहून जवळ, युनेस्कोच्या त्याच यादीतलं ठिकाण, हत्तीभोवती जांभ्याचा कठडा बांधलेला, त्यामुळे शोधाशोध नाही आणि पाय पडायची भीती नाही. सकाळी जाऊन जेवायला घरी. गाइडशिवाय चालणारं कातळशिल्प मला तरी हे एकच वाटलं.

जे ठरवाल ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवा. आडिवऱ्याच्या काकूंना भाकरीचं पीठ किती काढायचं ते तेव्हाच कळायला हवं.