टेक २१ सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय व्ही२: नाशिकच्या स्टेजवर काही महिने वापरल्यानंतर

नाशिकमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याला स्टेजवर बेस अँप मिळेलच असं धरून चालता येत नाही. गंगापूर रोडचं लॉन असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की नाट्यगृहातला वाद्यवृंद, बहुतेक वेळा साउंडवाला एक वायर हातात देतो आणि ती सरळ मिक्सरला जाते. म्हणजे बेसचा टोन जो काही घडायचा, तो त्या वायरच्या अलीकडेच घडला पाहिजे. त्यासाठीच हा डबा घेतला. प्रीअँप (सिग्नल वाढवून टोन घडवणारा भाग), ट्यूब अँपसारखा रंग देणारं सर्किट आणि डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायची सोय), हे तिन्ही एकात. पहिला बेस ड्रायव्हर १९९४ मध्ये आला. व्ही२ मध्ये सर्वांत कामाची भर पडली ती मिडच्या, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, नॉबची, आणि हा सगळा अनुभव मुख्यतः त्या नॉबभोवतीच फिरतो.

सोबतचा बेस यामाहा टीआरबीएक्स १७४, म्हणजे पॅसिव्ह (आत स्वतःचा प्रीअँप नसलेला), पुढे स्प्लिट पिकअप आणि मागे सिंगल कॉइल. तारा निकेलच्या, ४५ ते १०० गेज. महागडं यात काही नाही, आणि लाइव्हसाठी यापेक्षा महाग बेसची गरज आहे असं वाटतही नाही. आधी नेक आणि अ‍ॅक्शन (तारांची उंची) नीट करून घ्या. प्रीअँप त्यानंतर.

बेसची जॅक थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातली तर आवाज येतो, पण मेलेला येतो. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमचा इनपुट हवा असतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) बहुधा १० ते २० किलोओहम असतो, त्यामुळे पिकअपवर भार पडतो आणि वरची धार जाते. त्यात वायर २५-३० मीटर असेल तर आणखी नुकसान. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर ३० मीटरला ३ नॅनोफॅरड होतात. एवढ्यात ट्रेबल जवळजवळ बुजतो, आणि अनबॅलन्स्ड वायर असल्याने वाटेत मिळेल तो हमही (विजेच्या लाइनची घरघर) उचलते. म्हणून बेसपासून डब्यापर्यंतची केबल ५ मीटरच्या आत ठेवा. डब्यातून निघणारी एक्सएलआर (मिक्सरला जाणारी बॅलन्स्ड केबल) कितीही लांब गेली तरी टोन बिघडत नाही.

आता नॉब. ब्लेंड आणि ड्राइव्ह समजले की डबा समजला. ब्लेंड पूर्ण डावीकडे असेल तर फक्त कोरा सिग्नल जातो. तेव्हा ड्राइव्ह आणि प्रेझेन्स फिरवून काही होत नाही, बाकीचा ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल) मात्र चालू राहतो. ब्लेंड पूर्ण उजवीकडे नेला की सगळा आवाज सॅन्सअँपच्या सर्किटमधून येतो, आणि त्या सर्किटचा स्वभाव असा की मधल्या फ्रिक्वेन्सी खाली बसतात. खोलीत एकट्याने ऐकताना हा आवाज फार भरीव वाटतो. स्टेजवर कीबोर्ड, दोन गिटार आणि गायक सुरू झाले की तोच बेस नाहीसा होतो. पहिले काही कार्यक्रम ब्लेंड जास्त ठेवून झाले आणि दर वेळी समोरून एकच तक्रार: बेस घुमतोय, पण काय वाजतंय ते कळत नाही. ब्लेंड १२ च्या आसपास आणला, मिडचा स्विच ५०० हर्ट्झवर ठेवून नॉब १ पर्यंत नेला, आणि सूर ऐकू यायला लागले. (नॉबचे आकडे घड्याळाच्या काट्यासारखे वाचावेत, १२ म्हणजे मधोमध.)

ड्राइव्ह म्हणजे फाटका आवाज, असं समजून बरेच जण तो शून्यावर ठेवतात. तसं करू नका. खर्जाच्या ई तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झ. स्टेजवरचा १२ इंची मॉनिटर तो नीट काढूच शकत नाही. त्याच स्वराचे ८२.४ आणि १२३.६ हर्ट्झचे वरचे हार्मोनिक मात्र तो काढतो, आणि ते पुरेसे जोरात असले की कान खालचा मूळ स्वर आपसूक भरून घेतो. ड्राइव्ह हे हार्मोनिक वाढवतो. १० पर्यंतचा ड्राइव्ह वेगळा जाणवत नाही. फक्त मॉनिटरमध्ये बेस ऐकू यायला लागतो, आणि प्रेक्षकांच्या मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्येही. १२ च्या पुढे गेलात तर ढोलकीच्या गाण्यांत तो खरखर करतो, रॉकला चालतो. प्रेझेन्स ९ च्या वर नेताना जपून. बोटं तारेवर सरकल्याचा आवाज आणि फ्रेटची टकटक त्याने पुढे येते.

बेस नॉबचा स्विच ४० किंवा ८० हर्ट्झवर ठेवता येतो. लॉनवर आणि चौकातल्या मांडवात तो ८० वरच ठेवावा आणि नॉब १२ च्या पुढे नेऊ नये. पाइपच्या फ्रेमवर प्लायवूड टाकून केलेलं स्टेज आतून पोकळ असतं. ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात ते स्वतःच वाजायला लागतं आणि काही सूर, बहुधा ए तारेच्या सातव्या ते बाराव्या फ्रेटच्या आसपासचे, इतरांपेक्षा दुप्पट मोठे ऐकू येतात. त्यावर उपाय नॉबमध्ये नाही, मिक्सरवरच्या चॅनलच्या पॅरामेट्रिक ईक्यूमध्ये (ज्यात नेमका पट्टा निवडता येतो) आहे. जो सूर घुमतो तो दाबून धरा, अरुंद पट्टा ३ ते ५ डीबी खाली घ्या. ४० हर्ट्झ वाढवायचं तर मोठे सब (खर्जाचे स्पीकर) चांगले लावलेले असतील तेव्हाच. नाहीतर स्पीकरचा कोन नुसता हलतो आणि हेडरूम (आवाज वाढवायला उरलेली जागा) वाया जातो.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत बेसची खरी गर्दी ढोलकी आणि ऑक्टोपॅडशी होते. ऑक्टोपॅडची किक साधारण ६० ते ८० हर्ट्झला बसते, ढोलकीची खर्जाची बाजू त्याच्या थोडी वर, आणि बेसही तिथेच घुसतो. नाशिक ढोल सोबत असेल तर खालची सगळी जागा त्यालाच सोडावी, त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. अशा वेळी चॅनलला ६० हर्ट्झपर्यंत लो कट (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला तरी गाण्याचं काही बिघडत नाही, कारण बेस ऐकू येतो तो १०० ते ८०० च्या पट्ट्यात. लावणी आणि जुनी हिंदी गाणी असलेल्या वाद्यवृंदासाठी आता कायम झालेली सेटिंग अशी: ड्राइव्ह ९:३०, ब्लेंड ११, प्रेझेन्स ८, बेस १२ (८० वर), मिड १ (५०० वर), ट्रेबल १०. रॉक बँडला ड्राइव्ह ११:३०, ब्लेंड १, आणि मिडचा स्विच १००० वर, कारण ५०० च्या आसपास दोन डिस्टॉर्शन गिटार आधीच ठाण मांडून असतात. भावगीतांना फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा सर्वांत छान. त्या नसतील तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा बोटभर पट्टा सरकवा आणि टोन नॉब अर्धा बंद करा. सूर लवकर विझतात आणि गायकाच्या शब्दांना जागा मिळते.

हमचा विषय सविस्तर, कारण लॉनवर तो हमखास निघतो. जनरेटर, एलईडी वॉल, लाइटचे डिमर आणि साउंड एकाच लाइनवर, अर्थिंग दोन ठिकाणी. मग मिक्सरची अर्थिंग आणि स्टेजवरच्या अ‍ॅडॅप्टरची अर्थिंग यांच्यात लूप होतो. आपल्या विजेचा हम ५० हर्ट्झचा आणि बेसच्या ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. हम असताना हा सूर धरला की सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. मोकळ्या जी तारेवर (९८ हर्ट्झ) १०० हर्ट्झच्या हमशी तीच गत, तिथे लाट सेकंदाला दोन. बरेच जण तार उतरली समजून ट्यूनर बघत बसतात.

डब्याच्या बाजूला फँटम (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) आणि ग्राउंड जोडणारा एकच स्विच आहे. तो दाबलेला असेल तर मिक्सरच्या ४८ व्होल्टवर डबा चालतो आणि ग्राउंडही जोडलेलं राहतं. हम तोडायला स्विच वर काढला की फँटमही जातो आणि आत बॅटरी नसेल तर डबा बंद पडतो. म्हणून फँटमवर चालवायचं ठरलेलं असलं तरी आत नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी असलीच पाहिजे. इनपुटची जॅक घातलेली राहिली तर बॅटरी उतरत राहते, त्यामुळे कार्यक्रम संपला की जॅक काढायची. अ‍ॅडॅप्टर वापरत असाल तर कीबोर्डवाल्याच्या अ‍ॅडॅप्टरमधून फाटा काढू नका, स्वस्त एसएमपीएसची शिट्टी थेट बेसमध्ये उतरते. आणि हम घालवण्यासाठी कुणी पॉवर प्लगची अर्थ पिन काढायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा. एका हातात तारा आणि ओठ माइकला लागलेले असताना त्याने जीव जाऊ शकतो.

हम वेगळा आणि बझ वेगळा. एलईडी वॉलजवळ उभं राहिल्यावर जो बारीक किरकिराट येतो तो बहुधा मागच्या सिंगल कॉइल पिकअपचा. पुढचा स्प्लिट पिकअप दोन उलट कॉइलचा असल्याने हा त्रास स्वतःच रद्द करतो (फेंडरने प्रिसिजन बेसला हा पिकअप १९५७ मध्ये दिला, तो आजही याच कारणासाठी टिकून आहे). अशा स्टेजवर मागचा व्हॉल्यूम पूर्ण बंद. त्यात टोनचं नुकसान नाही, उलट भरलेल्या मिक्समध्ये एकटा स्प्लिट पिकअपच जास्त चांगला बसतो.

रात्री १० ला आवाज बंद करायचा, त्यामुळे साउंडचेकला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. त्यात हा क्रम पाळला तर साउंडवाल्याशी वाद होत नाहीत. एक्सएलआर माइक इनपुटला जाणार असेल तर डब्यावरचा उणे २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) आधीच दाबून ठेवा, नाहीतर मिक्सरचा प्रीअँपच फाटतो आणि दोष बेसवर येतो. चॅनलचा ईक्यू सपाट करायला सांगा, आधीच्या वाद्याची सेटिंग तशीच राहिलेली असते. लो कट १०० वर दाबलेला आहे का ते विचारा, हा घोळ फार वेळा असतो. मग कार्यक्रमात जेवढ्या जोरात वाजवणार तेवढ्याच जोरात, चारही तारांवर वाजवा. डिजिटल मिक्सरवर पीक उणे १२ च्या आसपास आले की पुरे. कॉम्प्रेसर (लहानमोठे आवाज एका पातळीत आणणारा) मिळत असेल तर रेशो ४:१, अटॅक ३० ते ५० मिलिसेकंद, रिलीज १५० च्या पुढेमागे आणि दाब ३ ते ५ डीबी. अटॅक खूप जलद ठेवला तर बोटाचा ठोका मरतो आणि बेस मागे पडतो.

शेवटी कुणाला तरी बेस देऊन स्वतः समोर जाऊन ऐका, आणि भिंतीला टेकून ऐकू नका. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते, बंद हॉलमध्ये ती मागच्या भिंतीपाशी जमा होते. मिक्सर तिथेच लावलेला असेल तर साउंडवाल्याला बेस भरपूर ऐकू येतो आणि तो कमी करतो, मधल्या खुर्च्यांना मात्र काहीच पोचत नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभं राहून त्याला खूण करणारा एखादा माणूस ठेवा. उघड्या लॉनवर उलटं होतं, खालचा आवाज पसरून जातो, तिथे सब थोडे वर लागतात.

बेसच्या बाजूने दोन गोष्टी. पावसाळा लागला की नेक ओलावा घेतो आणि त्याचा बाक बहुधा वाढतो, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो परत सपाट होतो. पहिला फ्रेट कॅपोने आणि शेवटचा बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट हवी. मोजायला फिलर गेज लागतो, तो सातपूर-अंबडकडे हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल. ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नये. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची २ ते २.४ मिलिमीटर. याहून खाली घेतलीत तर प्रीअँपचा ड्राइव्ह फ्रेट बझलाच मोठं करतो. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि ई तारेचा वरचा सूर डळमळतो. तो थोडा खाली घेऊन लेव्हल नॉबने भरपाई करावी.

डब्यात न आवडलेलं म्हणजे म्यूटची सोय नाही. फुटस्विच बायपास करतो, आवाज बंद करत नाही, आणि बायपासला गेल्यावर लेव्हल नॉब लागू नसल्याने आवाज एकदम वरखाली होतो. म्हणून बायपास वापरायचाच नाही, आणि आधी बॉस टीयू-३ सारखा म्यूट होणारा ट्यूनर लावायचा. हेडफोन आउटही नाही, घरी सरावाला वेगळं काहीतरी लागतं. बजेट कमी असेल तर बेहरिंगरचा बीडीआय२१ त्याच धाटणीच्या नॉबचा आहे. मिडची नॉब नाही आणि अंग प्लॅस्टिकचं, म्हणून ब्लेंड ११ च्या खाली ठेवून चॅनलवर ५०० च्या आसपास ३ डीबी वाढवून घ्यावे लागतील. ज्यांच्या बेसमध्येच चांगला अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप आहे आणि वाजवणं फक्त भावगीतांचं, त्यांनी हा खर्च करू नये. साधा डीआय बॉक्स पुरेल.

आवरताना साउंडवाल्याने चॅनल म्यूट करून फँटम बंद केल्याशिवाय एक्सएलआर ओढू नका. त्या धडाक्याने सबचा स्पीकर जाऊ शकतो.