सिसिलीत भाड्याची गाडी घेताय? सही करण्याआधी हे वाचा

सिसिलीतली जुनी गावं आणि किनारे गाडीशिवाय जोडणं कठीण, आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आम्ही कतानिया विमानतळावरून गाडी घेतली. भाडं आणि ‘संपूर्ण संरक्षण’, दोन्हींचे पैसे बुकिंगच्या वेबसाइटवर आधीच भरले होते.

काउंटरवरच्या माणसाने आमचा कागद बाजूला सारला. “हा विमा आमचा नाही. आमचा घ्या, नाहीतर क्रेडिट कार्डावर १,२०० युरो अनामत म्हणून अडकतील.” विम्याबद्दल तो खरं बोलत होता. वेबसाइटवरचं संरक्षण बहुतेकदा तिसऱ्याच कंपनीचं असतं. नुकसानीचे पैसे आधी तुमच्या कार्डातून जातात, मग तुम्ही त्या कंपनीकडे मागत बसायचं. पैसे भरून घेताना हे ठळकपणे सांगत नाहीत, माझा पहिला राग त्यावर आहे. आम्ही रक्कम अडकवू दिली. गाडीवरचे जुने ओरखडे लिहून घ्या म्हटलं, तर “एवढे बारीक आम्ही धरत नाही” असं उत्तर मिळालं आणि टॅब्लेटवर इटालियन मजकुराखाली सही घेतली गेली.

प्रवास सुंदर झाला. सिराकुझाच्या कॅथेड्रलच्या भिंतीत ग्रीक मंदिराचे खांब अजून उभे आहेत, ते पाहताना अंगावर काटा येतो. १६९३च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं नोतो, वेंदिकारीचे शांत किनारे, सगळं पाहिलंच पाहिजे असं. गाडी मात्र ओर्तिजाच्या, म्हणजे सिराकुझाच्या बेटावरच्या जुन्या भागाच्या, बाहेर लावा. आतल्या बऱ्याच भागात ठरलेल्या वेळांत खास प्रवेश-परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाच्या वर भाडेकंपनी स्वतःचं शुल्कही लावते.

गाडी परत देताना “सगळं ठीक” म्हणाले, पण तेवढंच लेखी मागितलं तर दिलं नाही. घरी आल्यावर कार्डातून ४३० युरो कापले गेले. कारण, चाकाच्या रिमवर ओरखडा. पुरावा म्हणून एक फोटो पाठवला, त्यात ना तारीख, ना नंबरप्लेट.

तो ओरखडा जुना होता. गाडी ताब्यात घेतली तेव्हाच बायकोने पार्किंगमध्ये नंबरप्लेटपासून सुरुवात करून चारही चाकांचा सलग व्हिडिओ काढला होता. तुम्हीही काढा, परत देतानाही काढा, आणि तिथूनच कंपनीला ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पैसे कापले गेले तर थांबू नका, लगेच बँकेकडे त्या व्यवहारावर लेखी हरकत घ्या. तिला मुदत असते. आमचे पैसे बँकेमार्फत परत आले. भाडेकंपनीने आमच्या एकाही ईमेलला उत्तर दिलेलं नाही.