महिन्याचं सबस्क्रिप्शन की सेलमधली खरेदी?

दरमहा पैसे भरून गेमची अख्खी लायब्ररी खेळू देणारं गेम पास (एक्सबॉक्सचं) किंवा पीएस प्लस (प्लेस्टेशनचं) घ्यावं, की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलची वाट बघत एकेक गेम विकत घ्यावा? या प्रश्नावर बहुतेक जण लगेच हिशेब मांडतात: एका नव्या मोठ्या गेमच्या पैशात काही महिने शेकडो गेम. हिशेब चुकीचा नाही. फक्त सबस्क्रिप्शन घेतल्यावर माणूस दुसरं काहीच विकत घेत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. माझं तरी तसं झालं नाही.

सबस्क्रिप्शनचं सुख नाकारत नाही. सेलमध्ये ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं असे छोटे इंडी (मोठ्या कंपन्यांच्या पाठबळाशिवाय बनवलेले) गेम मी तिथेच खेळलो. नाही आवडला तर डिलीट, चुटपुट नाही. स्टीमवर रिफंड मिळतो, पण खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. काही आरपीजींचं (पात्र घडवत लांब कथा खेळायच्या गेमचं) दोन तासांत ट्युटोरियलही संपत नाही.

गंमत अशी की गेम ‘असाच’ मिळाला की वरच्या खर्चाला हात आखडत नाही. २०२३ मध्ये स्टारफील्ड पहिल्या दिवसापासून गेम पासवर होता, तरी काही दिवस आधी खेळायचं तर प्रीमियम अपग्रेडचे पैसे वेगळे. डीएलसीचंही (मूळ गेमला जोडायच्या जादा भागांचंही) बहुतेक वेळा तेच.

आणि इथेच माझं बिनसलं. तेव्हा ज्या सेवेवर होतो तिचं नाव घेत नाही, कारण हे दुखणं कमीअधिक सगळीकडे आहे. एका लांबलचक आरपीजीत रमलो होतो, डीएलसीही घेतलं होतं. मग तो गेम ‘लवकरच जाणार’च्या यादीत आला आणि गेला. सेव्ह फाइल जागेवर, डीएलसी माझ्या नावावर, पण ‘खेळा’ बटणाच्या जागी किंमत. जाण्याआधी थोडी सवलत होती, पण त्याच सुमारास स्टीमवर तो कितीतरी स्वस्त होता. तिथून घ्यायचा तर डीएलसी पुन्हा विकत घ्या, कारण एका दुकानातलं दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे भाडंही भरलं, फर्निचरही केलं आणि शेवटी घरमालक म्हणेल त्या भावात घर घ्यायची पाळी. नामांकित गेमचीही शाश्वती नसते. जीटीए ५ गेम पासवर २०२० च्या जानेवारीत आला, मेमध्ये गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये परतला, ऑगस्टमध्ये पुन्हा गायब.

स्टीमवरही आपण खेळण्याचा परवानाच घेतो, मालकी नाही, हे मान्य. तरी दुकानातून काढलेला गेम सहसा लायब्ररीत राहतो. तिथला रोग वेगळा: सेलमध्ये घेतलेले, कधीच न उघडलेले गेम. पण तो पैसा एकदाच जातो. सबस्क्रिप्शनचा ऑटो-डेबिट न खेळलेल्या महिन्यातही होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २४ तास आधी सूचना येते खरी, पण बँकेच्या मेसेजांच्या ढिगात ती वाचतो कोण? शिवाय दर स्थिर नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट (त्यातला सगळ्यात वरचा प्लॅन) महिन्याला १९.९९ वरून थेट २९.९९ डॉलरवर गेला.

घरात दोघं-तिघं खेळणारे असतील किंवा तुम्ही गेम आठवड्यात संपवणारे असाल, तर सबस्क्रिप्शन कदाचित परवडेलही. माझ्यासारखा नोकरी सांभाळून एकच गेम महिनोन्‌महिने चघळणारा असेल, तर मी सेलकडे झुकेन. हल्ली एखादा मोठा गेम पहिल्याच दिवशी सेवेवर येणार असेल तर महिन्याभरासाठी घेतो आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करतो. बाकी सगळं विशलिस्टमध्ये. सबस्क्रिप्शन आधीच चालू असेल, तर मूळ गेम स्वतःच्या नावावर होईपर्यंत डीएलसीला हात लावू नका.