जे जंगल सर्वांचे होते, त्याचेच पैसे मोजले

शिकारीला नेतो म्हणून मला फसवणाऱ्या गाईडने पाठवलेली छायाचित्रे गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉइसी येथे राहतो. येथे मूसच्या (हरणाच्या कुळातील एक प्रचंड प्राणी) शिकारीचा टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याची परवानगी, सोडतीने मिळतो. एप्रिलमध्ये अर्ज भरायचा. आधीच्या वर्षांच्या अर्जांमुळे नाव लागण्याची शक्यता वाढत नाही, आणि शिंगवाला मूस एका माणसाला आयुष्यात एकदाच मारता येतो. चौथ्या वर्षी माझे नाव लागले. जनावर साडेतीनशे-चारशे किलोंचे असते आणि खाण्याजोगे मांस जंगलात वाया घालवणे हा गुन्हा आहे. ते मला आणि माझ्या मेहुण्याला दोघांनाच वाहून आणता आले नसते, म्हणून मी मोबदला घेऊन सोबत येणारा गाईड शोधू लागलो.

जो भेटला तो फोनवर अतिशय अदबीने बोलत असे. कॅरिबू-टार्गी राष्ट्रीय वनात सात दिवसांचे त्याने ४,८०० डॉलर सांगितले, त्यातले निम्मे आगाऊ. शिवाय ६०० डॉलर ‘वनप्रवेश शुल्क’, कारण त्या खोऱ्यात शिकारी नेण्याचा हक्क आपल्याकडेच आहे, असे तो म्हणाला. मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. ताडोब्याला आपण जातो तेव्हा गेट असते, शुल्क असते, गाईड सक्तीचा असतो. जंगल म्हटले की पावती आलीच, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्के बसलेले असते, आणि त्याने नेमके तेथेच बोट ठेवले. प्रत्यक्षात राष्ट्रीय वन ही सार्वजनिक जमीन आहे. टॅग असलेल्या शिकाऱ्याला तेथे शिरण्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नाही आणि मूससाठी गाईडची सक्तीही नाही.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटे पाचला सांगितलेल्या वळणावर पोहोचलो. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतला ‘आमचा कायमचा तळ’ समोरच होता: काळवंडलेल्या दगडांचे कोंडाळे, रस्त्याचा क्रमांक लिहिलेला तपकिरी खांब आणि एका बाजूला कललेले देवदारासारखे झाड. त्या जागी कोणीही फुकट तंबू ठोकू शकतो. आम्ही अकरापर्यंत थांबलो. त्याचा फोन बंद होता.

वनखात्याच्या स्थानिक कार्यालयातील बाईंनी शांतपणे सगळे समजावून सांगितले. पैसे घेऊन शिकारी नेणाऱ्याकडे राज्याचा परवाना लागतो आणि त्या वनक्षेत्रासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. त्याचे नाव दोन्हीकडे नव्हते. पैसे देण्यापूर्वी एक फोन केला असता, तर ३,००० डॉलर वाचले असते. ते मी मित्राला पाठवतात तसे ॲपवरून पाठवले होते, त्यामुळे बँकेने परत मिळवून देण्यास नकार दिला.

तुमच्याकडे कोणी असे शुल्क मागितले, तर परवान्याचा क्रमांक विचारा आणि तो स्वतः त्या कार्यालयात फोन करून पडताळा. मी राज्याच्या परवाना मंडळाकडे आणि शेरीफकडे (स्थानिक पोलीसप्रमुखाकडे) तक्रार दिली आहे. हंगाम संपला, टॅग न वापरता माझ्या कपाटात पडून आहे.