पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन घरी उतरवलं: आठ महिने, ३,८०० किलोमीटरनंतर

बाबांनी १९९१ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेल्या दिवाळीनंतर नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या पोर्चमध्ये स्टँडवर चढवली आणि पुढचं सस्पेन्शन दोन्ही बाजूंनी पूर्ण खोललं. जानेवारीत ती परत रस्त्यावर आली. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता काय टिकलं आणि काय नाही ते सांगता येतं.

पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं आणि खड्ड्यात पुढून 'खट्' व्हायचं. बाबा तर तो आवाज ऐकायला काच खाली करूनच गाडी चालवायचे. गॅरेजमध्ये दोनदा शॉकअप बदलून घेतले, पैसे गेले, आवाज राहिला. खोट किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्यात होती, आणि ती ओळखायला एक जॅक पुरतो. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंगचा दोष, तसाच राहिला तर किंगपिनचा. आमच्याकडे आईचा पाय ब्रेकवर होता आणि चाक माझ्या हातात खुशाल डुलत होतं.

हल्लीच्या गाड्यांत चाक वळायला बॉल जॉइंट (गोळ्याचे सांधे) असतात. पद्मिनी मुळात फियाट ११००च्या घराण्यातली, तिचं चाक पोलादी किंगपिनवर वळतं. त्या पिनेभोवती बुश, म्हणजे नळीसारखी अस्तरं, असतात. तिथलं ग्रीस आटलं की बुश एका बाजूने झिजतो आणि मग कितीही नवे शॉकअप घाला, गाडी सरळ चालत नाही.

खोलायला दोन रविवार लागले. ब्रेकचा पाइप न उघडता ड्रममागची प्लेट तारेने वर बांधून ठेवली. कुठून कुठली चकती निघाली ते कळावं म्हणून वॉशर सुतळीत ओवून ठेवले. स्प्रिंगबद्दल मात्र कळकळीने सांगतो: दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव जातो. द्वारकेजवळच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडून स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर आणला, वर साखळी गुंडाळली, आणि स्प्रिंग मोकळी होईपर्यंत तोंड तिच्या समोर नेलं नाही. विटांवर गाडी ठेवून तर हे काम करूच नका.

काका एकदा येऊन बघून गेले. म्हणाले, "बाळा, बाकी सगळं घरी कर, रीमर मात्र लेथवाल्याकडूनच मारून घे." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. नवे बुश ठोकून बसवले की किंचित आवळतात, ते रीमरने आतून तासून पिनेच्या मापाला आणावे लागतात, आणि वरचा-खालचा बुश एका रेषेत यावा म्हणून लांब रीमर दोन्हींतून एकदमच फिरवावा लागतो. हातात साधा रीमर घेऊन हे साधत नाही. सातपूरच्या लेथवाल्याने रीमर लावण्याआधी तुकडा उजेडात धरून दाखवला: एका बुशचं भोक ग्रीस भरायच्या निपलच्या भोकासमोर येतच नव्हतं. तसाच बसवला असता तर वर्षभर ग्रीस मारत राहिलो असतो आणि पिनेला थेंब मिळाला नसता. बुश काढून नीट फिरवून बसवला, मग रीमर मारला. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत जावी, आपोआप खाली घसरू नये, असा तो बसला. संबंध कामात पैसे सर्वांत सत्कारणी लागले ते इथे.

माझी मोठी चूक रबरी बुशची. चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे आर्मच्या, टोकांना हे बुश असतात. तिथले बोल्ट मी चाकं हवेत लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले. त्यामुळे गाडी जमिनीवर आली तेव्हा रबर कायमचं पिळलेलं राहिलं, आणि मार्चमध्ये डावीकडून करकर सुरू झाली. उघडलं तर रबर एका कडेने फाटलेलं. नवे बुश घालून, चाकं जमिनीवर, गाडीचं वजन टायरवर असताना शेवटचा आवळ दिला. त्यानंतर करकर नाही. एकाने पॉलियुरेथेनचे बुश सुचवले होते. ते टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक दणका बॉडीत पोहोचवतात. पस्तिशीच्या घरातल्या पत्र्याला मी तो त्रास देणार नाही.

टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात ते माप) आधी दोरी ताणून जुळवलं, मग मशीनवर तपासून घेतलं. फार फरक नव्हता.

चालवताना पहिल्या दिवशीच जाणवलं की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येतंय. कसारा घाटात तर हातांना विश्रांतीच. जुलैत त्र्यंबक रस्त्यावर दोनदा घोटाभर पाण्यातून गेलो. घरी येऊन ग्रीस गन लावली तर पांढरट, दुधाळ ग्रीस बाहेर आलं, म्हणजे पाणी आत शिरलं होतं. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप केला. चाकं उचलूनच ग्रीस मारा, वजन असताना पिनेच्या दाबलेल्या बाजूला ते पोचत नाही. आता दर ८०० किलोमीटरला मारतो, आणि पाण्यातून आलो तर त्याच संध्याकाळी. ब्रेक दाबून केलेली ती परीक्षा गेल्या आठवड्यात पुन्हा केली, खेळ नाही.

उजवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) तेव्हाच बदलायला हवा होता. त्याच्यात आता किंचित ढिलाई आहे, येत्या रविवारी तो निघेल.

परवा बाबांनी स्वतः गाडी सोमेश्वरपर्यंत नेली. निघताना सवयीने काच खाली केली होती. येताना बघितलं तर काच वर होती.