पंधरा किलोंची गॅरंटी आणि 'तुमचंच मन कच्चं'

वजन घटवून देतो म्हणून जी फसवणूक चालते, तिच्यात पावडर, पट्टा, मशीन हे सगळं नंतरचं. आधी गिऱ्हाइकाला उभारी विकली जाते. मग वजन हललं नाही की ती उभारीच कमी पडली, असं त्याच्याच माथी मारलं जातं. चाळीस-पन्नास हजार बुडाले तरी लोक तक्रारीला जात नाहीत ते यामुळेच. चूक आपलीच, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

एक नमुना धरू. ४२ वर्षांच्या, बैठं काम करणाऱ्या बाई, उंची ५ फूट २ इंच, वजन ७८ किलो. जाहिरातीत 'मोफत बॉडी चेकअप' वाचून वजन घटवणाऱ्या एका सेंटरमध्ये गेल्या. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. काउन्सिलर मॅडम अनवाणी मशीनवर उभं करतात, चिठ्ठी बाहेर येते: बॉडी एज (शरीराचं वय) ५८, व्हिसरल फॅट (पोटातली चरबी) १४. बाईंचा चेहरा पडतो. तो पडावा म्हणूनच चेकअप मोफत असतं.

हे मशीन तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला किती अडथळा झाला तेवढंच मोजतं. ही वीज मुख्यतः एका पायातून वर जाते आणि दुसऱ्यातून खाली येते. पोटातल्या चरबीचा आकडा म्हणजे वय, उंची, वजन सूत्रात घालून काढलेला अंदाज. पाणी कमी प्यायलं, नुकतंच चालून आलं, तरी तो बदलतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजा. भारतीयांमध्ये पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात.

चिठ्ठीनंतर प्रश्न सुरू होतात. 'मुलांची लग्नं बघायची आहेत ना?' 'स्वतःसाठी शेवटचा खर्च कधी केलात?' आणि मग ठेवणीतला प्रश्न: 'एक ते दहामध्ये तुमची तयारी किती?' बाई भरात 'दहा' म्हणतात आणि फॉर्म पुढे सरकतो. गंमत म्हणजे हा प्रश्न खऱ्या समुपदेशनातलाच आहे. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाच्या पद्धतीत तो विचारतातच. पण तिथे कुणी 'सहा' म्हणालं की पुढचा प्रश्न असतो, 'सहा का? तीन का नाही?' मग माणूस स्वतःची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि पुढे उपयोगी पडतात ती हीच कारणं. सेंटरमध्ये हा दुसरा प्रश्न कधीच येत नाही. तिथे येतं, 'ऑफर आज संध्याकाळी सातपर्यंतच.'

पॅकेज: ९० दिवसांत १५ किलो, ४५,००० रुपये. 'ईएमआय आहे ना, महिन्याला फक्त पाच हजार, नऊ महिने.' सही करण्याआधी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढंच करून बघा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १५ किलोंच्या झाल्या १,१५,५००. त्याला ९० ने भागा, रोजची तूट येते सुमारे १,२८०. या बाईंच्या शरीराचा रोजचा एकूण खर्चच १,८०० च्या आसपास. म्हणजे खायला उरल्या पाचशेवीस: दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, पेलाभर ताक. दिवसभरात एवढंच, तेही तीन महिने. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असं केलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो.

तरीही पहिल्या आठवड्यात काटा ३ किलो खाली येतो, ग्रुपवर टाळ्या पडतात. हे होतं कसं? पहिलं वजन दुपारी, जेवणानंतर, जीन्स आणि पर्ससकट घेतलेलं. दुसरं सातव्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी. त्यातच किलो-दीड किलो निघतो. उरलेलं बरंचसं पाणी. शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा चारशे-पाचशे ग्रॅमचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात, पोळी आणि मीठ बंद केलं की साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणीही जातं. चरबी गेलेली असते फार तर एक किलो. टेपचंही तसंच. पहिल्यांदा ती सैल आणि पोटाच्या फुगीर भागावर, नंतर दोन बोटं वर आणि आवळून. घामाचा पट्टा लावला असेल तर मोजणी पट्टा काढल्याकाढल्या होते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. थांबणारच. पाणी जायचं होतं ते गेलं, वजन कमी झाल्यामुळे शरीराचा खर्चही उतरला आणि अर्धपोटी माणूस नकळत कमी हालचाल करतो. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भरमसाट वजन उतरवलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच भरला, आणि बहुतेकांचं बरंचसं वजन परतही आलं होतं. सेंटरच्या मॅडमना यातलं काही सांगायचं नसतं. त्या म्हणतात, 'मॅडम, तुमचा माइंडसेट ब्लॉक आहे.' मग माइंडसेट सेशन, डिटॉक्स किट, थांबलेला काटा हलवायचं म्हणून 'प्लॅटो पॅकेज', आणखी बारा हजार.

आणि गॅरंटी? कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं: फूड डायरी ९० दिवस रोज भरलेली हवी, एक नोंद चुकली की गॅरंटी रद्द. ९० दिवसांत घरात एक तरी लग्न, एक तरी सण येतोच. पुरणपोळी खाल्ली म्हणून डायरी त्या दिवशी कोरी राहते, आणि पंचेचाळीस हजारांची गॅरंटी त्या एका कोऱ्या रकान्यात बुडते.

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्यही अशा ठिकाणी भिंतीवर असतंच. त्याचं मूळ १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे: रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' पुढे गळून पडला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० सालच्या अभ्यासात साधी रोजची सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. गॅरंटीचं कलम नेमकं याच्या उलट शिकवतं.

टिकणाऱ्या घटीत उत्साहाचं काम थोडंच. तो पहिले दोन-तीन आठवडे पुरतो. तेवढ्यात घराची मांडणी बदलून घ्यावी लागते. किलोचं लक्ष्य बाजूला ठेवा, कारण काट्यावर आपला ताबा नसतो, ताटावर असतो. रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट पुष्कळ झाली. ती सापडते कुठे? साखरेच्या चार चहांत प्रत्येकी दोन चमचे म्हणजे १६० कॅलरी. फोडणीच्या तेलातला माणशी एक मोठा चमचा म्हणजे १२०. तेल मोजून महिन्याचं ठरवा, कढईत बरणी ओतू नका. आणि ठराव 'जर-तर'च्या भाषेत करा: ऑफिसात वाढदिवसाचा केक आला तर एक घास घेऊन चहाला उठेन, रात्री जेवण साडेनऊच्या पुढे गेलं तर पोळीऐवजी वरण आणि भाजी. 'आता गोड बंद' हा ठराव पहिल्याच मोदकाला मोडतो. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, सारख्याच कपड्यांत. चार आठवड्यांची सरासरी बघा, एका दिवसाचा आकडा नको. पाळीच्या दिवसांत एक-दोन किलो पाणी वर-खाली होतं.

पावडर किंवा गोळ्या दिल्या असतील तर जास्त सावध व्हा. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असला म्हणजे परवाना किंवा नोंदणी आहे, वजन उतरतं असं सिद्ध झालेलं नाही. 'हर्बल' म्हणून विकलेल्या मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते औषध भारतातही बंद आहे. छातीत धडधड, तोंडाला कोरड, झोप उडणं अशी लक्षणं दिसली तर गोळी थांबवा आणि डबा घेऊन डॉक्टरकडे जा. पोट सारखं ढिलं होत असेल तर सोनामुखी किंवा तत्सम रेचक असू शकतं. त्याने चरबी जात नाही, पाणी आणि पोटॅशियम जातं. लठ्ठपणावर हमखास औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. एक सीलबंद डबा बॅच नंबरसह जपून ठेवा, उघडलेला वेगळा.

पैसे अडकले असतील तर फोनवर भांडू नका. ईमेलने लिहा: अमुक तारखेपासून सेवा बंद करत आहे, एवढी सेशन झाली, एवढी बाकी, उरलेली रक्कम परत करावी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावत्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, व्हॉट्सअॅपवरचं संभाषण जपा. ईएमआय कर्ज वेगळ्या फायनान्स कंपनीचं असतं. तिलाही त्याच दिवशी कळवा, पण हप्ता परस्पर बंद पाडू नका, कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. 'भरलेले पैसे परत मिळणार नाहीत' असं पावतीवर छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत नसेल तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, नाहीच हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

नोटीस गेली की सेंटरचा फोन येतो, आवाज एकदम मऊ: 'मॅडम, रिफंड नको, तुम्हाला वीस सेशन फ्री देतो, फक्त इथे सही करा.' त्या कागदावर बहुधा 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं लिहिलेलं असतं. सही करू नका.